नरहर कुरुंदकर: नांदेडच्या गुरुजींचा आवाज, कॅसेटपासून स्ट्रीमिंगपर्यंत

नांदेड-लातूरकडच्या शिक्षक मंडळींशी गप्पा निघाल्या की एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. तासभराचं लेक्चर मोबाइलवर रेकॉर्ड केलं, अपलोड केलं, लिंक ग्रुपवर टाकली, आणि पोरांनी तीन मिनिटं बघून सोडून दिलं. मग सल्ले सुरू होतात. कॅमेरा बदला, रिंग लाइट घ्या, व्हिडिओ छोटे करा, रील बनवा.

यातले काही सल्ले बरोबर आहेत, त्यांच्याकडे येऊच. पण आज आधी नांदेडच्याच एका गुरुजींची गोष्ट सांगायची आहे. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, स्लाइड नव्हती. एक माइक आणि समोर बसलेली माणसं, एवढंच. तरी माणसं खिळून ऐकायची. हे गुरुजी म्हणजे नरहर कुरुंदकर. त्यांच्या भाषणांतला थोडासा भाग टेपवर उरला आणि पुढे इंटरनेटवरही आला. हा आवाज नीट जपायचा आणि विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवायचा तर काय काय करावं लागतं, ते बघता बघता शिकवण्याच्या ऑडिओ-व्हिडिओचं सगळं तंत्र आपल्याला कळतं. म्हणून आज चरित्र आणि तंत्र दोन्ही एकत्र.

नांदापूर, कुरुंदा, हैदराबाद

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ चा, नांदापूरचा. ते त्यांचं आजोळ. मूळ गाव वसमत तालुक्यातलं कुरुंदा, आडनाव त्यावरूनच. तेव्हा हा सगळा भाग परभणी जिल्ह्यात होता, आज हिंगोलीत आहे. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तेव्हा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. घरात मराठी आणि सरकार-दरबारात, वरच्या शिक्षणात उर्दू, असा तो मामला. उस्मानिया विद्यापीठाचं शिक्षणाचं माध्यमच उर्दू होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं तेव्हा कुरुंदकर सोळा वर्षांचे होते. म्हणजे त्यांचं सगळं शाळकरी वय त्या लढ्याच्या धामधुमीत गेलं. पुढे हैदराबादच्या प्रश्नावर त्यांनी जे लिहिलं-बोललं, त्याची मुळं इथे आहेत.

त्यांचे मामा डॉ. नारायण गोविंद नांदापूरकर हैदराबादेत मराठीचे प्राध्यापक. मुक्तेश्वर आणि मोरोपंत यांच्या महाभारतांचा तौलनिक अभ्यास करणारे मोठे विद्वान. कॉलेजसाठी कुरुंदकर हैदराबादेत सिटी कॉलेजला आले आणि मामांच्या सहवासात राहिले. पुस्तकं होतीच, पण घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चर्चाही कानावर पडत होत्या. ज्ञान कानाने घेण्याची सवय अशी लागते. आजच्या भाषेत सांगायचं तर हा मुलगा आधी उत्तम श्रोता होता, वक्ता नंतर झाला.

परीक्षांचं मात्र त्यांच्याशी जमलं नाही. वाचन अफाट, पण अभ्यासक्रमाबाहेरचं. कॉलेजच्या परीक्षेत अपयश आलं, वर्षं गेली. शेवटी पदवी हातात नसतानाच ते नोकरीला लागले. १९५५ मध्ये नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले आणि मग नांदेड त्यांनी सोडलं नाही. बी.ए., एम.ए. या पदव्या त्यांनी शिकवता शिकवता, बाहेरून मिळवल्या. स्वतःकडे पदवी नसताना ते एम.ए.च्या विद्यार्थ्यांना साहित्यशास्त्र समजावून सांगायचे, ही गोष्ट नांदेडात अजून सांगितली जाते. पदवी हा शिकवण्याचा परवाना आहे, असं मानणाऱ्यांना ती पचत नाही. पण यूट्यूबवर शिकवणाऱ्या आजच्या पिढीला त्यात काही नवल वाटू नये.

पुढे ते पीपल्स कॉलेजमध्ये मराठीचे प्राध्यापक झाले आणि अखेरच्या काळात प्राचार्य. हे कॉलेज १९५० चं, स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने उभं राहिलेल्या नांदेड एज्युकेशन सोसायटीचं. मराठवाड्यात तेव्हा स्वतंत्र विद्यापीठही नव्हतं. ते औरंगाबादला १९५८ मध्ये आलं. नांदेड-लातूरसाठीचं वेगळं विद्यापीठ, जे आज स्वामीजींच्या नावाने ओळखलं जातं, ते तर १९९४ चं. म्हणजे कुरुंदकर शिकवत होते तो काळ असा, की चांगली लायब्ररी हवी तर दूर जा, मोठा विद्वान ऐकायचा तर त्याच्या गावी जा. या अडचणीवर त्यांनी काढलेला उपाय साधा होता. विद्यार्थी विद्वानाकडे जाऊ शकत नसेल तर आपण गावोगावी जायचं आणि बोलायचं.

ते बोलायचे कसे

कुरुंदकरांचे विषय ऐकले तर एका माणसाचे वाटत नाहीत. भरताचं नाट्यशास्त्र आणि रससिद्धान्त, मनुस्मृती, महाभारत, शिवाजी महाराज, हैदराबादचा मुक्तिसंग्राम, हिंदू-मुसलमान प्रश्न, मार्क्स, गांधी, सेक्युलॅरिझम, मराठी कादंबरी, शास्त्रीय संगीत. 'जागर', 'शिवरात्र', 'मागोवा', 'धार आणि काठ' ही पुस्तकं आजही विकली जातात. स्वतः नास्तिक, समाजवादी वर्तुळातले, पण धर्मग्रंथांवर बोलायला उभे राहिले की शास्त्री मंडळींनाही मान डोलवावी लागे.

रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ची गोष्ट अनेकांना माहीत असेल. कादंबरीच्या निमित्ताने कुरुंदकरांनी देसाईंना शिवाजी महाराजांवर एक लांबलचक पत्र लिहिलं. तेच पत्र कादंबरीला प्रस्तावना म्हणून लागलं. कादंबरीइतकीच ती प्रस्तावना वाचणारे लोक आहेत. महाराजांना चमत्काराच्या मखरातून बाहेर काढून राज्यकर्ता म्हणून बघायचं, कारभार, महसूल, आरमार, माणसांची निवड या अंगाने बघायचं, हा त्यांचा आग्रह त्यातून मराठी घराघरांत पोहोचला.

आपल्या विषयासाठी मात्र त्यांच्या मांडणीची रीत महत्त्वाची आहे. ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तंत्र तिच्यावर उभं आहे. कुरुंदकर सरळ आपलं मत सांगून मोकळे होत नसत. आधी ते समोरच्याची बाजू मांडत, तीही लेचीपेची करून नाही. विरोधकाला स्वतःला जमली नसती इतकी ती भक्कम करत. ऐकणाऱ्याला वाटू लागे, की अरे, हे तर यांचंच मत! मग ते हळूच एक प्रश्न विचारत, एक पुरावा ठेवत, आणि आधी उभी केलेली इमारत कुठे तडकते ते दाखवत. शेवटी स्वतःचं मत. तेही असं, की त्यांच्या बाजूच्या लोकांनाही कुठेतरी टोचावं.

हा प्रकार वेळ मागतो. दीड-दोन तासांच्या भाषणातला पहिला अर्धा तास फक्त विरोधकाची बाजू असू शकते. आता विचार करा, की त्या अर्ध्या तासातले चाळीस सेकंद कापून रील केली तर काय होईल?

कुरुंदकर जे खोडून काढणार होते, तेच त्यांच्या तोंडी कायमचं चिकटेल. एडिट न करता, एकही शब्द न बदलता, एआय न वापरता, फक्त कात्री चालवून माणसाचं मत उलटं करता येतं. जुन्या व्याख्यात्यांच्या क्लिप फॉरवर्ड होतात तेव्हा निम्मे वाद यातूनच पेटतात, असं माझं स्पष्ट मत आहे. कुरुंदकरांसारख्या माणसाच्या बाबतीत तर हा धोका दुप्पट, कारण त्यांचे विषयच ठिणगी पडावी असे.

मग लहान तुकडे करायचे की नाही?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करू. तुकडे दोन जागी होतात. एक यंत्र करतं, दुसरे आपण.

यंत्राचे तुकडे निरुपद्रवी असतात, उलट गरजेचे असतात. स्ट्रीमिंग म्हणजे काय तर पूर्ण फाइल उतरवून न घेता थोडी थोडी आणत वाजवणं. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत आज सगळीकडे वापरतात. तिच्यात तुमच्या फाइलचे साधारण सहा-सहा सेकंदांचे भाग केले जातात. सोबत एक यादीची फाइल असते, कुठला भाग कशानंतर वाजवायचा ते सांगणारी. शिवाय प्रत्येक भाग दोन-तीन दर्जांत तयार असतो, एक जड, एक मध्यम, एक हलका. तुमचं नेट बरं असेल तर प्लेअर जड भाग मागवतो. बस किनवटच्या घाटात शिरली आणि रेंज गेली की पुढचा भाग हलका मागवतो. ऐकणाऱ्याला दर्जा थोडा उतरल्यासारखा वाटतो, पण वाक्य तुटत नाही. हे भाग परत बरोबर त्याच क्रमाने जोडले जात असल्याने विचाराला धक्का लागत नाही.

दुसरे तुकडे म्हणजे आपण अर्थाच्या मध्यावर मारलेली कात्री. तो तुकडा परत कधी जोडला जात नाही.

यातून वाट आहे, आणि ती सोपी आहे. भाषण अखंड ठेवा आणि त्याला प्रकरणं पाडा. यूट्यूबवर वर्णनाच्या रकान्यात ००:०० पासून सुरू करून किमान तीन वेळा आणि त्यांपुढे शीर्षकं लिहिली की टाइमलाइनवर आपोआप खुणा उमटतात. मात्र शीर्षक प्रामाणिक हवं. जिथे वक्ता विरोधकाची बाजू मांडतोय तिथे शीर्षकातच तसं लिहा: पूर्वपक्ष, अमुक मताची मांडणी. मग उत्तरपक्ष. आपल्या शास्त्रपरंपरेत हे शब्द तयारच आहेत. कुरुंदकरांची मांडणी याच वळणाची, त्यामुळे त्यांना ते चपखल बसतात. तुमच्या भौतिकशास्त्राच्या लेक्चरलाही हेच लागू. विद्यार्थ्यांचा नेहमीचा चुकीचा समज तुम्ही आधी फळ्यावर लिहिता ना? त्या मिनिटावर खूण करा. नाहीतर स्क्रीनशॉट तेवढाच फिरेल.

टेपवरचा आवाज फाइलमध्ये कसा येतो

कॅसेट फिलिप्सने १९६३ मध्ये बाजारात आणली. आपल्याकडे ती घरोघर पोहोचायला सत्तरचं दशक संपत आलं. त्याआधी मोठी स्पूलची यंत्रं होती, ती रेडिओ केंद्रात नाहीतर एखाद्या हौशी माणसाकडे. म्हणजे कुरुंदकरांच्या उमेदीच्या काळात टेपरेकॉर्डर ही दुर्मीळ चीज होती. त्यांची बहुतेक व्याख्यानं म्हणूनच हवेत विरली. काही लोकांनी उतरवून घेतली, त्यांचे लेख झाले, पुस्तिका झाल्या. थोडी टेपवर राहिली.

आता ही टेप म्हणजे काय? प्लास्टिकच्या पट्टीवर लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ थर. कॅसेटमध्ये ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये साधारण १३० मीटर पट्टी असते. मराठवाड्यातला मे महिना आणि त्यानंतरचा दमट पावसाळा, असे चाळीस फेरे त्या थराने सोसलेले असतात. प्रत्येक वेळी वाजवताना थर थोडा घासला जातो. म्हणून जुनी कॅसेट सापडली की आधी वाजवून बघू हा मोह आवरा. पहिलं वाजवणं हेच रेकॉर्डिंग असलं पाहिजे, कारण दुसऱ्यांदा ती वाजेल याची खात्री नसते.

कॉम्प्युटरमध्ये घेताना वेव्ह फॉरमॅट वापरा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो. सेकंदाला ४८ हजार वेळा आवाजाची उंची मोजायची आणि प्रत्येक मोजमाप २४ बिटांत लिहायचं, असा याचा अर्थ. हिशेब केला तर तासाला सुमारे ५१८ एमबी होतात. ही फाइल कोणाला पाठवायची नाही, ती मूळ प्रत. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. आधी एमपी३ मध्ये घेऊन मग मूळ टेप टाकून देणारे लोक मी पाहिलेत. एमपी३ मध्ये गेलेला आवाज परत आणता येत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

मग सफाई. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये घूं असा सतत आवाज असतो, तो विजेचा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर बारीक फिल्टर लावला की बराचसा जातो. ८० हर्ट्झच्या खालचं काढून टाकलं तर माइकला लागलेले धक्केही कमी होतात. टेपची सळसळ उरते. ऑडासिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती कमी करायची सोय आहे, पण हात आखडता ठेवा. जास्त ओढलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो आणि शब्दांच्या शेवटचे स, श, ह गळून पडतात. थोडी सळसळ चालते, गेलेला शब्द चालत नाही.

आणखी एक. मधली शांतता कापू नका. आजकालची ॲप एका बटणावर सगळे विराम काढून टाकतात. पाठ दिलेल्या धड्याला ते चालेल. पण समोरच्याची बाजू संपवून आपला प्रश्न टाकण्याआधी बोलणारा जो दम घेतो, तो मजकुराचाच भाग असतो. श्रोत्यांचं हसणं, कोणीतरी खुर्ची सरकवणं, हेही राहू द्या. त्यावरून कळतं की वाक्य गंभीरपणे घेतलं गेलं की उपरोधाने. छापील पुस्तकात नेमकं हेच हरवतं.

अमेरिकेत कॅलटेकमध्ये रिचर्ड फाइनमन यांनी १९६१ ते ६३ दरम्यान भौतिकशास्त्राची व्याख्यानं दिली. ती टेप झाली, उतरवली गेली आणि त्याची जगप्रसिद्ध पुस्तकं झाली. पण संस्थेने मूळ टेपही जपल्या आणि आज त्या इंटरनेटवर ऐकता येतात. पुस्तक वाचलेल्या माणसालाही ते ऐकताना कळतं की हा गृहस्थ वर्गाला कसा हसवत शिकवत होता. आपल्याकडे मात्र भाषण उतरवून झालं की कॅसेटवर गाणी भरायची पद्धत होती. कॅसेट महाग होत्या, दोष कोणाला द्यायचा?

पोरांच्या डेटा पॅकचा हिशेब

आता वेव्ह फाइलवरून ऐकण्याची प्रत काढू. भाषणासाठी ओपस हा कोडेक सध्या सगळ्यांत काटकसरी. मोनो आवाज २४ केबीपीएसला ठेवला तरी शब्द स्वच्छ ऐकू येतात आणि तासाला जेमतेम ११ एमबी लागतात. जुन्या फोनवर ओपस वाजलं नाही तर एमपी३ मोनो ६४ केबीपीएस द्या, तासाला २९ एमबी. हाच तास ४८०पी व्हिडिओत ८०० केबीपीएसने दिला तर ३६० एमबी.

११ आणि ३६०. हा फरक डोक्यात ठेवा. लातूर पॅटर्नचं नाव देशभर झालं, नीटच्या तयारीसाठी दूरदूरहून मुलं लातुरात येऊन खोल्या घेऊन राहतात. पण जी येऊ शकत नाहीत, देगलूर-मुखेड-जळकोटकडे घरी राहून अभ्यास करतात, त्यांचा रोजचा डेटा दीड-दोन जीबी, तोही घरात दोघांत वाटलेला. चार विषयांचे चार तास व्हिडिओत बघितले तर दिवसाचा डेटा जवळपास संपलाच. म्हणून प्रत्येक व्हिडिओसोबत त्याची फक्त आवाजाची प्रत द्यायची सवय लावून घ्या. सेंद्रिय रसायनशास्त्राला फळा लागतोच, तिथे व्हिडिओच हवा. मराठी, इतिहास, जीवशास्त्राची उजळणी कानाने होते. शेतात, बसमध्ये, लाइट गेल्यावर होते.

आवाजाची पातळीही सगळ्या फाइलींत सारखी ठेवा. एक धडा हळू आणि दुसरा कान फाडणारा, असं नको. मोनो आवाजाला उणे १९ एलयूएफएस, स्टिरिओला उणे १६, हा पॉडकास्टवाल्यांचा रुळलेला आकडा आहे.

लिखित प्रत, हक्क आणि एक मोह

लिखित प्रत द्याच. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी ती गरज आहे, बाकीच्यांना शोधायला उपयोगी. व्हिस्परसारखी मॉडेल आता मराठी उतरवतात आणि नव्या स्वच्छ रेकॉर्डिंगवर बऱ्यापैकी काम करतात. पण चाळीस वर्षांची टेप, त्यात मराठवाडी वळण, त्यात साधारणीकरण, स्थायीभाव, मन्वंतर असले शब्द, आणि मध्येच एखादी उर्दू संज्ञा. यंत्र बिचकतं आणि बिचकल्याचं कबूल न करता काहीतरी ठोकून देतं. गोंगाट असलेल्या जागी तर कधी मुळात नसलेली वाक्यंही घालतं. त्यामुळे कच्चा मसुदा यंत्राचा, पण हेडफोन लावून ओळन् ओळ तपासणारा माणूस हवाच. शब्द कळला नाही तर तिथे अस्पष्ट असं लिहा. अंदाज लिहू नका.

हक्कांचं थोडक्यात. भारतीय कायद्यात भाषण हेही साहित्यकृतीसारखं संरक्षित असतं आणि लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतो. कुरुंदकरांच्या बाबतीत तो २०४२ अखेरपर्यंत. रेकॉर्डिंग करणाऱ्याचा हक्क त्याहून वेगळा. म्हणजे कॅसेट तुमच्या कपाटात आहे म्हणून भाषण तुमचं होत नाही. वारसांना विचारा, लेखी परवानगी घ्या, मग प्रसिद्ध करा. डिजिटल प्रत करून जपण्याचं काम मात्र तेवढ्यासाठी अडवून ठेवू नका, टेप कायद्याची वाट बघत नाही.

आणि मोह. दोन-चार मिनिटांच्या नमुन्यावरून कोणाचाही आवाज बनवणारी साधनं आता फुकट मिळतात. कुरुंदकरांच्या आवाजात त्यांचीच पुस्तकं वाचून घेऊ, ही कल्पना ऐकायला गोड आहे. पण मग खरी टेप आणि बनवलेली टेप यांत फरक कोण करणार? ज्या माणसाने आयुष्यभर पुरावा कुठला, कोणी दिला, कधीचा, हे विचारायला शिकवलं, त्याच्याच आवाजाचा खोटा पुरावा तयार करण्यात मला तरी काही शहाणपण दिसत नाही. पुस्तक वाचायचंच असेल तर स्वतःच्या आवाजात वाचा, आणि तसं सांगा.

१० फेब्रुवारी १९८२

त्या दिवशी कुरुंदकर औरंगाबादला कार्यक्रमासाठी गेले होते. व्यासपीठावरच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती, एकोणपन्नासावं वर्ष चालू होतं… नाही, चुकलो, जुलैमध्येच एकोणपन्नास पूर्ण झाली होती. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते, लिहायचं कितीतरी बाकी होतं. पुढची अनेक वर्षं त्यांचे विखुरलेले लेख आणि भाषणं गोळा होऊन पुस्तकं येत राहिली. 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' हे त्यांतलंच. नांदेडात त्यांच्या नावाने प्रतिष्ठान उभं राहिलं.

तारखा बघितल्या की चुटपुट लागते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झालं. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि १५ ऑगस्टला यूजीसीची कंट्रीवाइड क्लासरूम ही दूरदर्शनवरची शैक्षणिक मालिका. शिकवण्याचा व्हिडिओ हा प्रकार आपल्याकडे रुळायला लागला तेव्हा त्यासाठी सगळ्यांत लायक असलेला मराठवाड्यातला माणूस जाऊन दोन वर्षं झाली होती.

त्यामुळे उरली ती टेपच. कुरुंदकरांचीच असं नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकात नांदेड, लातूर, उदगीर, अंबाजोगाईला व्याख्यानमाला ऐकलेल्या, हौसेने टेपरेकॉर्डर घेऊन पहिल्या रांगेत बसलेल्या कोणा आजोबा-काकांचं कपाट तुमच्या घरात असेल तर या दिवाळीच्या साफसफाईत एवढं करा. कॅसेट वाजवू नका. तिच्या वरच्या कडेला दोन बारीक प्लास्टिकचे तुकडे असतात, ते मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही. खिडकीतून पट्टीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, अशी कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जाणकाराकडेच द्या. बाकीच्या एक दिवस खोलीच्या हवेत राहू द्या, मग चांगल्या डेकवर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेली पट्टी सुटते. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पिंच रोलर रबराचा असतो, त्याला ओल्या फडक्याने पुसलेलं बरं. मग वेव्हमध्ये घ्या. आणि हे सगळं करण्याआधी, घरातलं जुनं माणूस अजून सांगू शकतंय तोवर, त्यांना विचारून लेबलवर लिहा: कोण बोलतंय, कुठल्या गावात, कुठल्या वर्षी.